पहिलंच बजेट, 140 पानं: नेमकं काय बघू?

शिलाईवाली
9 फेब्रुवारी 2026

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

डिसेंबरात आमच्या नगरपरिषदेची निवडणूक झाली आणि मी निवडून आले. ब वर्ग नगरपरिषद, म्हणजे 40 हजार ते 1 लाख वस्तीमधली. गावाचं नाव घालत नाही, उगाच कुणाला लागायला नको. मी राजकारणातली नाही. ब्लाउज, ड्रेस, शाळेचे गणवेश शिवते. प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला, गल्लीने उभं केलं. 21 तारखेला निकाल लागला, आणि 22 पासून दुकानात माप द्यायला कमी आणि गटार तुंबल्याचं सांगायला जास्त माणसं येतात.

या महिनाअखेर अंदाजपत्रकाची विशेष सभा आहे. परवा रात्री साडेआठला शिपाईमामा झेरॉक्सचा गठ्ठा देऊन गेले. 140 पानं. शेवटच्या पानावर "अखेरची शिल्लक 41 लाख" आणि खाली सही. याआधी चार वर्षं प्रशासक होते. त्याच्या आधीच्या एका नगरसेवकांना विचारलं, तर म्हणाले, "आम्ही कुठं वाचत होतो? हात वर करायचो."

मला दिसलं ते सांगते. गावात चौथ्या दिवशी पाणी येतं, तेही कधी पहाटे 4 ला, कधी भर दुपारी 1 ला. बायका कामावर जायच्या की नळापाशी बसायच्या? पुस्तकात 'पाणीपुरवठा देखभाल दुरुस्ती' 12 लाख आहे आणि 'स्वागत कमानी बांधणे' 45 लाख. कापड किती आहे ते न मोजताच कात्री लावल्यासारखं वाटतंय, पण चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

सभेत मला फार तर पाच मिनिटं मिळतील. कुठली पानं बघू, काय विचारू? भांडायचं नाहीये. पाणी ठरल्या वेळी यायला हवंय.


कडूकारले

ताई, अभिनंदन. तालुक्याच्या बातम्या लिहिण्यात 12 वर्षं घालवलीत, त्यातली एकच गोष्ट सांगतो. विषयपत्रिकेवरचे विषय सगळे वाचतात. खरी गंमत शेवटच्या ओळीत असते: "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". तोवर चहा आलेला असतो, खुर्च्या सरकायला लागलेल्या असतात. सभेत ज्याचा शब्दही निघाला नाही ते महिन्याभराने इतिवृत्तात सूचक-अनुमोदकासह छापलेलं मिळतं. तेव्हा शेवटपर्यंत उठू नका, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ओळन्‌ओळ वाचा. ठराव बेकायदा वाटला तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे स्थगिती मागता येते, पण त्यासाठी सभेतच तुमचा लेखी विरोध नोंदवलेला असला तर बरं.

कमान रद्द होईल या भ्रमात मात्र राहू नका. कमानीवर नाव लिहिता येतं, पाण्याच्या वॉलवर (व्हॉल्व्हवर) कुठे लिहिणार?


जमाखर्च_31

ताई, 31 वर्षं नगरपरिषदांच्या लेखा विभागात काढली. पाच गावं फिरलो, 2019 ला निवृत्त झालो. आता जे सांगतोय ती दुसऱ्यांची पापं नव्हेत, बरीचशी माझीच आहेत.

आमच्याकडे अंदाजपत्रक उलटं बनायचं. जानेवारीत वरून खर्चाची यादी यायची: या चौकात पेव्हर ब्लॉक, त्या गल्लीत काँक्रीट, एक व्यायामशाळा, दोन सभामंडप. बेरीज झाली की साहेब विचारायचे, "जमा बसतेय का?" आणि मी बसवायचो. घरपट्टीची मागणी 100 रुपये असली तर हातात 55 यायचे, मी 90 धरायचो. गाळ्यांचा लिलाव तीन वर्षं रखडलेला असायचा, तरी त्याचे पैसे जमेला घ्यायचो. शेवटी थोडी शिल्लक दाखवायची, आणि ती गोल आकड्यात दाखवायची नाही, म्हणजे खरी वाटते. तुमचे 41 लाख वाचून मला माझंच अक्षर दिसलं.

म्हणून खर्चाची पानं आधी मिटून ठेवा. जमेची बाजू उघडा. प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे जमाखर्चाच्या एकेका बाबीपुढे, मागच्या वर्षांची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. तुम्ही शिवणकाम करता, पट्टी घरात असेलच. पट्टी लावून दोनच रकाने वाचा: खरोखर काय आलं, आणि पुढे काय लिहिलंय. जिथे एकाएकी उडी दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. दहा-बारा खुणा होतील, त्यातल्या तीन-चार मोठ्या असतील. त्यांची बेरीज बहुतेक शिल्लक गिळून वर तोटा दाखवेल.

घरपट्टीच्या थकबाकीबद्दल एक सावधगिरी. उशिरा भरणाऱ्याला महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. त्यामुळे थकबाकीचा आकडा वर्षानुवर्षं स्वतःच फुगत जातो. त्यात पडलेली घरं असतात, एकाच मिळकतीची दोन नावांनी झालेली नोंद असते, कोर्टात अडकलेले गिरणीचे गाळे असतात. कागदावर पाच कोटी येणं दिसलं म्हणून पाच कोटी येत नाहीत. मार्चमध्ये थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवून फोटो छापून येतात, त्यात सापडतो तो बहुतेक 8 हजारवाला. मोठे थकबाकीदार वहीत पहिल्या दोन पानांत मावतात. पहिल्या 50 जणांची यादी मागा. नावं सभेत वाचू नका, नुसती यादी मागितली तरी वसुली विभागात फोन सुरू होतात.

फुगवलेल्या जमेचं पुढे काय होतं, ते सांगतो, कारण हे कुठल्याच रकान्यात दिसत नाही. कामं तर सगळीच मंजूर झालेली असतात. ज्याचा हात वरपर्यंत पोचतो त्याचं बिल निघतं. दिवाळीच्या तोंडावर पगाराला पैसे कमी पडले की हात अनामत खात्यात जातो. अनामत म्हणजे ठेकेदारांच्या बिलातून कापून ठेवलेली रक्कम. ती नगरपरिषदेची नव्हेच, परत द्यायची असते. एका गावात आम्ही ती तीन वर्षं पगारात घातली. गटारावर फरशा बसवणारा एक छोटा ठेकेदार होता. दर सोमवारी येऊन माझ्या टेबलासमोर बसायचा. बोलायचा काही नाही. पिशवीतून पावती काढून टेबलावर ठेवायचा, पाच वाजले की घडी करून परत पिशवीत घालून जायचा. सव्वा लाख होते त्याचे. पुढे त्याने आमचं टेंडर भरणं सोडलं. नीट काम करणारे असे एकेक गेले, आणि उरले ते अनामत बुडणार हे धरूनच दर लावणारे. मग गावात बोंब, की ठेकेदार महाग आणि काम निकृष्ट.

तेव्हा हे विचाराच: वहीप्रमाणे अनामत किती असायला हवी, आणि आज बँकेत त्या खात्यात किती आहे?

सगळा पैसाही सारखा नसतो. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली, तेव्हापासून शासनाचं सहायक अनुदान येतं आणि पगाराची मोठी भिस्त त्याच्यावर असते. वित्त आयोगाचा निधी वेगळा. 15व्या आयोगात आपल्यासारख्या गावांना 60 टक्के बंधित होता, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा, अर्धा पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापना चालत नाही. त्या आयोगाची मुदत येत्या 31 मार्चला संपते, पुढचं 16व्याचं. आता तुमच्या पुस्तकात 'वित्त आयोग' या ओळीसमोर मागच्याच आकड्यात 10 टक्के घालून पुढच्या वर्षाची जमा लिहिलीय का बघा. लिहिली असेल तर आधार विचारा. मी असतो तर लिहिली असती.

विजेचं बिल हा माझा आवडता विषय, पण थोडक्यात आवरतो. पाण्याच्या खर्चात पाणी स्वस्त असतं, ते वर चढवायला लागतं ती वीज महाग. पूर्वी उच्चदाब जोडणीच्या बिलावर पॉवर फॅक्टरचा, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती कामी आली त्या मापाचा, दंड वेगळा छापून यायचा, डोळ्यात खुपायचा. 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामी आलेली नि न आलेली धरून सगळ्या विजेवर, बिल येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर सावरणारे कपॅसिटर जळाले तरी दंड दिसत नाही, युनिटांतच मुरतो. जॅकवेलच्या (पाणी उपसायच्या विहिरीच्या) शेवटच्या 12 बिलांच्या झेरॉक्स मागा आणि कुणातरी इलेक्ट्रिशियनला दाखवा. यात सभा लागत नाही, ठराव लागत नाही.

आता माणसं. आकृतीबंध मागा, म्हणजे मंजूर पदं, भरलेली आणि रिक्त. तो मिळेल. मिळणार नाही तो दुसरा कागद: कोण कुठल्या पदाचा पगार घेतो आणि प्रत्यक्षात काय करतो. झाडूचा पगार आणि टेबलावरचं काम, असे निदान पाच-दहा जण प्रत्येक नगरपरिषदेत सापडतात. कुणी दहावी झाला म्हणून, कुणी कुणाचा माणूस म्हणून. मग झाडायला माणूस कमी, म्हणून ठेकेदाराचे मजूर. एकाच कामाचे दोन पगार जातात आणि गल्ली मात्र तशीच. मी हे दर महिन्याला पगारपत्रकात बघत होतो. सही करत होतो.


वॉल_63

टायपिंग पोरगा करतोय, चुकलं तर त्याचं.

ताई मी तुमच्या गावचा नाही पण वॉलमनच आहे. 19 वर्षं झाली. 11 वर्षं रोजंदारी, पुढची 8 ठेकेदाराकडं. काम तेच, चावी तीच, नुसता पगार देणारा बदलला. गेल्या साली ठेका बदलला तर पीएफचं मागचं काय झालं ते अजून कळलं नाही.

लोक म्हणत्यात वॉलमन मुद्दाम पाणी सोडत नाही. माझ्याकडं 63 वॉल आहेत. शाळेमागचा उलटा फिरतो, डावीकडं फिरवला की बंद व्हायच्या ऐवजी उघडतो. तालमीजवळचा 22 आट्याचा आहे पण 9 आटेच उघडायचा. 10वा आटा दिला की खालच्या आळीत नळ उडत्यात आणि वरच्या आळीत थेंब नाही. मारुतीच्या देवळापाशी चेंबरमध्ये उतरावं लागतं, पावसाळ्यात गळ्याएवढं पाणी, आधी काठीनं ढवळायचं, साप असतो. हे कुठंच लिहिलेलं नाही. माझ्या आधी ज्यांनी हे काम केलं त्यांनी मला तोंडी दाखवलं, दीड वर्ष त्यांच्या सायकलीमागं पळत शिकलो.

टायमाचं म्हणाल तर टाकी भरल्याशिवाय सोडून उपयोग नाही. आमच्या टाकीत 3 मीटर पाणी झाल्याबिगर वरच्या गल्लीला चढत नाही. रात्री लाईट दोनदा गेली की टाकी सकाळी 4 च्या ऐवजी 11 ला भरती. मग मी शिव्या खायच्या. वर नगरसेवकांचे फोन, आमच्याकडं 10 मिनिटं जास्त सोड. ते 10 मिनिटं कुणाच्या तरी घरातनं काढावी लागत्यात.

मला गुडघ्याचा त्रास चालू झालाय. माझ्या मागं कोण नाही. साहेबांना दोनदा सांगितलं एक पोरगा द्या हाताखाली. म्हणाले पद नाही.

तुमच्या वॉलमनला एकदा भेटा. सभेच्या आधी भेटा.


आवक_जावक

मी कार्यालयातला. लिपिक. दोन टेबलं अधिकृत, तिसरं "तात्पुरतं", त्याला आता चार वर्षं झाली.

काकांच्या "टेबलावर बसणाऱ्या" माणसांबद्दल एक शब्द. ती माणसं उद्या झाडूवर पाठवलीत तर जन्म-मृत्यूचा दाखला कोण लिहिणार? 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात दाखल्याला, नळजोडणीला मुदत ठरलेली आहे. उशीर झाला आणि कारण पटलं नाही तर 500 ते 5000 रुपये दंड अधिकाऱ्यावर, आणि त्याच्या शिव्या आमच्यावर. कायदा चांगला आहे, मी स्वतः माझ्या सासऱ्यांच्या वारस नोंदीसाठी वापरलाय. पण पद रिक्त ठेवून मुदत पाळा म्हणणं म्हणजे एका बाहीचा सदरा शिवून दोन्ही हात घाला म्हणण्यासारखं आहे. (ताई, तुमच्या धंद्यातलं उदाहरण दिलं, राग मानू नका.)

2023 मध्ये नगरपरिषद राज्यसेवेच्या 1782 जागांची जाहिरात आली तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. लेखा विभागात एक हुशार मुलगा आला. आल्याआल्या बँक ताळमेळ, म्हणजे आमची वही आणि बँकेचं खातं, जुळवायला घेतला, चार वर्षांचा राहिला होता. रात्री आठपर्यंत बसायचा. वर्ष पूर्ण व्हायच्या आत दुसरी परीक्षा पास होऊन गेला. जाताना ताळमेळ सात महिन्यांवर आला होता, तिथेच थांबलाय.


जमाखर्च_31

आवक_जावक, तुमचं म्हणणं मान्य, शब्द मागे घेतो अर्धा. दाखला लिहिणाऱ्याला हलवू नका. पण ज्याच्या टेबलावर रजिस्टर नाही, नुसता मोबाइल आहे, त्याच्याबद्दल बोलत होतो. तो तुम्हालाही माहीत आहे.


शिलाईवाली
16 फेब्रुवारी

सगळ्यांचे आभार. मधे लग्नसराईची शिलाई होती म्हणून उशीर झाला.

काका, पट्टी लावली. घरपट्टीची प्रत्यक्ष जमा तीन वर्षं ओळीने 2 कोटी 31 लाख, 2 कोटी 18 लाख, 2 कोटी 46 लाख. पुढच्या वर्षाला लिहिलेत 4 कोटी 20 लाख. वित्त आयोगाच्या ओळीत तुम्ही म्हणालात तसेच 10 टक्के घातलेत, अगदी तंतोतंत. मला हसावं की रडावं कळेना. अनामतीचं विचारलं तर "देतो" म्हणाले, सहा दिवस झाले. विजेच्या बिलांच्या झेरॉक्स मात्र मिळाल्या, माझ्या मावसभावाने बघितल्या, म्हणाला जॅकवेलच्या पॅनेलमधले कपॅसिटर मेलेत, बदलायला फार नाही.

सफाई कामगारांपैकी 9 जण कार्यालयात आहेत. त्यातले 3 खरंच दाखले आणि नळजोडणीचं काम करतात, आवक_जावक म्हणाले तसं. बाकीच्यांपैकी एकाची नेमणूक "सभागृह व्यवस्था" अशी आहे. सभागृहाला गेले दोन महिने कुलूप होतं.

आणि वॉलमनना भेटले. दादा, तुम्ही सांगितलं नसतंत तर सुचलं नसतं. त्यांचं वय 57. ठेकेदाराकडे. त्यांनी खिशातून एक छोटी डायरी काढली, 2011 ची, एलआयसीची. पानापानावर बॉलपेनने आटे लिहिलेत: "पोष्ट 14", "उर्दू शाळा 6, सणाला 8", "डॉ. दवाखाना उलटा". मी म्हटलं याची झेरॉक्स काढू का, तर आधी नाही म्हणाले. म्हणाले, "ताई, ही गेली तर मला कोण ठेवील?" मला उत्तर देता आलं नाही.


कऱ्हाडकडचा

माझं आजोळ कराडजवळ. तिथलं मलकापूर बघून या असं सुचवतो. लहान गाव, पण मीटर लावून चोवीस तास पाणी, आणि त्याला दीड दशक होऊन गेलं. जास्त वापराल तर जास्त दराने पैसे. मामी सांगते की आधी लोक मीटरला विरोध करत होते, मग बॅरल, पिंपं, हंडे हळूहळू घरातून गेले, कारण साठवायची गरजच राहिली नाही. ठरावीक पाणीपट्टी असली की नळ चालू ठेवून माणूस झोपतो. तुम्ही सभेत थेट मीटरचा ठराव मांडा.


जमाखर्च_31

मलकापूरचं कौतुक मलाही आहे, पण ताई, घाई करू नका. चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात मीटर लावले की पाणी यायच्या आधी पाइपातली हवा मीटर फिरवते. लोक हवेचं बिल भरणार नाहीत आणि ते बरोबरच असतं. एका गावात आम्ही मीटर आणले होते, अजून गोदामात खोक्यांत आहेत. मलकापूरला आधी दाब, गळती, टाक्या यांचं गणित बसवलं गेलं, मीटर त्याच्या जोडीने आले. आणि ते चालवायला माणसं ठेवली गेली. पाहायला जाच, जाताना वॉलमनना बरोबर न्या.

डायरीबद्दल. ते घाबरतात ते बरोबर आहे. झेरॉक्स काढायच्या आधी त्यांच्या हाताखाली एक माणूस आणि त्यांना शिकवणारा म्हणून काहीतरी मानधन, असं देखभालीच्या लेखाशीर्षात बसवता येतं. पद निर्माण करायचा अधिकार सभेला असा नाही, शासनाची मंजुरी लागते. पण देखभालीच्या ठेक्याच्या अटी ठरवता येतात: किती वॉलमन, कोणत्या पाळीत, किमान वेतन आणि पीएफची पावती जोडल्याशिवाय बिल नाही, आणि ठेका बदलला तरी जुनी माणसं कायम. या शेवटच्या अटीला विरोध होईल. विरोध कोण करतंय ते शांतपणे बघून ठेवा.

कमानीवर बोलू नका असं मी म्हणेन. तुम्ही 45 लाखांच्या कमानीवर बोललात की सभा कमानीची होते. 4 कोटी 20 लाखांवर बोला. तो आकडा खाली आला की कमान आपोआप लोंबकळते.


शिलाईवाली
28 फेब्रुवारी

सभा झाली. काल. साडेपाच तास.

मला पाच नाही, सात मिनिटं मिळाली. काकांचं ऐकलं, कमानीचं नावही काढलं नाही. घरपट्टीचे तीन वर्षांचे आकडे वाचले आणि विचारलं, की यंदा असं काय होणार आहे की 4 कोटी 20 लाख येतील? शांतता. मग लेखापाल म्हणाले "वसुली मोहीम तीव्र करणार". मी म्हटलं, करा, आणि जास्तीचे आले की सहा महिन्यांनी सुधारित अंदाजात घेऊ. विरोधातले एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांच्याकडून मला अपेक्षा नव्हती, उठून म्हणाले की बाई बरोबर बोलतायत, आमच्या वेळीही असंच व्हायचं. आकडा 2 कोटी 90 लाखांवर आला. वित्त आयोगाची ओळ "प्रत्यक्ष वाटप कळेपर्यंत" म्हणून कमी धरली.

मग खर्च कापायची वेळ आली आणि खरी सभा तिथून सुरू झाली. कमान गेली नाही. 45 ची 20 झाली, "पहिला टप्पा". देखभाल दुरुस्ती 12 ची 30 झाली. कपॅसिटर लगेच. ठेक्याच्या अटींत वॉलमनची संख्या आणि पीएफची पावती आली, जुनी माणसं कायम ठेवायची अट मात्र "तपासून घेऊ" म्हणून बाजूला पडली. विरोध कोणी केला ते बघून ठेवलंय. कार्यालयातल्या त्या उरलेल्या 6 जणांपैकी 4 सफाईवर परत जाणार असं मुख्याधिकारी म्हणाले. त्यातल्या एकाची बायको आज सकाळी दुकानात येऊन शिलाईला टाकलेलं कापड परत घेऊन गेली. अनामतीचं उत्तर आलं, आणि ते मी इथे लिहीत नाही. सोमवारवाले तुमचे ठेकेदार आठवले, काका.

ऐनवेळच्या विषयांना बसून राहिले, कडूकारले. तीन होते. एकाला मी लेखी विरोध नोंदवला.

आता मुद्द्याचं. वॉलमनकाका डायरी द्यायला तयार झाले, हाताखाली मुलगा मिळणार म्हटल्यावर. माझी लेक अकरावीत आहे. ती, तो नवीन मुलगा आणि काका तिघं रोज संध्याकाळी फिरून नकाशा काढतायत. कापडाच्या ब्राऊन पेपरवरच काढलाय, माझ्याकडे तोच मोठा मिळतो. 17 वॉल झाले. 18वा, मेन रोडचा, सापडत नाही. दोन वर्षांपूर्वी रस्ता केला तेव्हा डांबराखाली गेला. काका म्हणतात जुन्या मेडिकलच्या पायरीपासून सात पावलं, पण मेडिकलच पाडलंय, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. रस्ता सगळा खोदायचा का?


वॉल_63

खोदू नका ताई. पाणी सुटायच्या रात्री जा, 2 नंतर, गाड्या थांबल्या की. लोखंडी पहार घ्या, एक टोक डांबरावर टेकवा, दुसऱ्या टोकाला कान लावा. हातहातभर सरकत जायचं. पाणी नुसतं वाहत असलं तर सूं आवाज येतो, वॉलपाशी तो बदलतो, फुसफुस येते. काकांना कळेल. पोराला पण कान लावायला सांगा, त्यालाच पुढं लागणार हाय. सापडला की वरचं लोखंडी झाकण रस्त्याच्या लेव्हलला उचलून घ्या, आणि त्याच्याकडनं भिंतीवर रंगानं माप लिहून ठेवा, दुकानाच्या नाही, लाईटच्या खांबापासनं.